खोडदच्या तबकड्या आणि खडकीतलं ग्राफिक्स कार्ड

खडकी बाजारातल्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘मुलाची बारावी झाली. त्याला गेमिंगसाठी कॉम्प्युटर जोडून हवाय. बजेट ऐंशी हजारांचं, आणि तो म्हणतो त्यातले पन्नास हजार नुसत्या ग्राफिक्स कार्डाला लागतील. एवढं त्या कार्डात असतं तरी काय?’

या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शेजारीच आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्राचे शास्त्रज्ञ आणि अभियंते हीच कार्डं वापरून आकाश ऐकतात. नाशिक रस्त्याने नारायणगावला गेलात की पुढे खोडद लागतं. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, प्रत्येकीकडून दोन संकेत. नव्या यंत्रणेत 400 मेगाहर्ट्झचा पट्टा एका वेळी टिपायचा, तर प्रत्येक संकेताचे सेकंदाला 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. साठ संकेतांचे मिळून 4800 कोटी! शिवाय प्रत्येक तबकडीचा दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी गुणाकार, म्हणजे 435 जोड्या. सुरुवातीला या कामासाठी खास घडवलेल्या चिपा होत्या. 2010च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरांचा ताफा जोडून तेच काम सॉफ्टवेअरवर आणलं गेलं, आणि त्यानंतरच्या यंत्रणेत गुणाकारांचा मोठा भार ग्राफिक्स कार्डांकडे गेला.

आता गेमकडे बघा. साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे 20 लाख 70 हजार बिंदू असतात. सेकंदाला 144 चित्रं हवी असतील, तर जवळपास 30 कोटी बिंदूंचे रंग ठरवायचे. एका बिंदूचा हिशेब सहसा शेजारच्या बिंदूसाठी अडून राहत नाही. काम तेच, आकडे तेवढे वेगळे. तबकड्यांच्या जोड्यांचंही असंच असतं, म्हणून एकच कार्ड दोन्हीकडे चालतं. मला या जुळणीची अजूनही गंमत वाटते.

लग्नघरातला स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. पुऱ्या लाटायला पन्नास बायका बसल्या तर पन्नासपट पुऱ्या होतात. आमटीला फोडणी मात्र एकच आचारी देतो. पन्नास आचारी आणून ती पन्नासपट लवकर बसत नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती लाटणाऱ्यांची पंगत, प्रोसेसर म्हणजे आचारी. आणि कणीक मळून आली नाही, तर पन्नास पोळपाट रिकामे राहतात. जीन अ‍ॅम्डाल या संगणक-अभियंत्याने 1967 साली हेच कॉम्प्युटरबद्दल सांगितलं होतं : कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी एकूण वेग ठरवतो. खोक्यावरचे गीगाहर्ट्झ वाचून खरेदी करणाऱ्यांनी या माणसाचं नाव लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

गेममध्ये शत्रू कुठे पळाला, गोळी कुणाला लागली, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. समजा, एका चित्राच्या या तयारीला त्याला 10 मिलिसेकंद लागतात. मग कार्ड लाखाचं असलं तरी सेकंदाला 100च्या वर नवी चित्रं तयार होणार नाहीत. आणि घरचा मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर त्यातलीही 60च पूर्ण दिसतील. म्हणून मुलाला आधी मॉनिटर विचारा, कोणते गेम ते विचारा, आणि कार्ड त्यानंतर. फोर-के पडद्यावर बिंदू चौपट होतात, तिथे कार्डावरचा खर्च सार्थकी लागतो. रॅम घेताना एकाऐवजी दोन पट्ट्या घ्या, प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. रंगीत दिव्यांनी वेग वाढत नाही.

पन्नास हजार कार्डात गेले की उरलेल्यात काटकसर कशावर होते, तर एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. कार्ड सरासरी 250 वॉट खात असलं तरी काही मिलिसेकंदांपुरतं त्याहून बरंच जास्त ओढतं. कच्चा एसएमपीएस तेवढ्यात मान टाकतो आणि ऐन खेळात मशीन बंद पडतं. शिवाय घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. 500 वॉटचं मशीन दोन तास चाललं की एक युनिट वीज आणि तेवढीच धग. पुण्याच्या मे महिन्यात खोलीच 38 अंशांवर असेल, तर पंख्याने थंड होणारं कोणतंही कार्ड त्याखाली जाऊ शकत नाही. यावर एक फुकटचा उपाय आहे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवता आलं, तर त्या विजेत सुमारे 19 टक्के बचत होते. बऱ्याच कार्डांना एवढी मोकळीक असते.

शेवटचा मुद्दा जुन्या घरांचा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. गाळलेला प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थिंगच नसेल, तर पत्रा 230च्या निम्म्यावर, 115 व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहतो. तो प्रवाह अगदी क्षीण असतो. पण आत खरंच काही बिघडलं, तर वाचवणारी वाटही तीच, आणि ती तर तुटलेली. तेव्हा कार्ड मागवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मुलाच्या खोलीतल्या थ्री-पिन सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.