लोडरच्या मागे कोण उभे आहे?

श्रोतेहो, आपल्या मुळशी तालुक्यात पूर्वी माती हलवायची म्हणजे कुदळ, फावडे, घमेले आणि डोक्यावरची चुंबळ एवढाच सरंजाम लागे. आज भूगाव, पिरंगुट, हिंजवडी, पौड अशा कोणत्याही बाजूला जा, कोठे इमारत उठते आहे, कोठे रस्ता रुंद होतो आहे, कोठे खडीचे ढीग पडले आहेत. पुण्याभोवतीच्या चक्राकार मार्गाचा पश्चिमेकडील भागही याच तालुक्यातून आखलेला आहे. अशा प्रत्येक ठिकाणी पिवळ्या रंगाचे एक धूड पुढेमागे करताना दिसते. त्याच्यापासून आपण आणि आपली मुले सुरक्षित कशी राहतील, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपण प्रत्येक पिवळ्या यंत्राला सरसकट ‘जेसीबी’ म्हणतो. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाने १९४५ साली काढलेल्या कंपनीची ही आद्याक्षरे आहेत. आपल्याकडे जेसीबी म्हणून ओळखले जाते त्याला पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असतो. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राला आपण ‘पोकलेन’ म्हणतो, तेही एका फ्रेंच कंपनीचे नाव. आज ज्याच्याविषयी बोलायचे तो ‘लोडर’. त्याला चार मोठाली चाके, पुढे रुंद बकेट आणि मागे इंजिन. खोल खणणे हे त्याचे काम नव्हे. ढिगातला मुरूम, खडी किंवा वाळू उचलायची आणि डंपरमध्ये टाकायची, हे त्याचे काम.

त्याची ताकद किती? मध्यम आकाराच्या लोडरच्या बकेटमध्ये सुमारे दोन घनमीटर माल मावतो. एक घनमीटर खडीचे वजन दीड टनाच्या आसपास असते, म्हणजे एका खेपेला तीन टन. घमेल्यात वीस किलो धरले, तर ही दीडशे घमेली झाली. दीडशे माणसांचे ओझे एका दमात उचलणाऱ्या यंत्राला आपल्या पायाला लागलेला धक्का जाणवतसुद्धा नाही, हे पहिल्याने ध्यानात धरावे.

आता मुख्य गोष्ट सांगतो. लोकांना वाटते की भीती असेल ती पुढच्या दातेरी बकेटची. पण ती बकेट सर्वांना दिसते, म्हणून माणूस आपोआप दूर राहतो. घात होतो तो बहुधा चालकाला जे दिसत नाही तेथे. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याने नमूद केले आहे की कामाच्या जागी वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ पाव मृत्यू वाहन मागे घेताना होतात. आणि लोडर तर दिवसभर मागेच येत असतो. ढिगात घुसायचे, मागे यायचे, डंपरकडे वळायचे, पुन्हा मागे यायचे. प्रत्येक बकेटमागे दोनदा रिव्हर्स.

शिक्षकमित्रहो, हे गणिताने दाखवता येईल. समजा, चालकाचा डोळा जमिनीपासून २.७ मीटर उंचीवर आहे. त्याच्या मागे ३ मीटरवर इंजिनाच्या झाकणाची कड आहे आणि तिची उंची २ मीटर आहे. चालकाने मागे वळून पाहिले, तर त्याची नजर त्या कडेवरून खाली उतरते. ३ मीटरच्या अंतरात ती ०.७ मीटर खाली येते. त्याच उताराने ती १.२ मीटर उंचीवर, म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलाच्या डोक्याच्या पातळीवर, केव्हा येईल? आणखी सुमारे ३.४ मीटर गेल्यावर. म्हणजे यंत्राच्या मागे अकरा फुटांच्या आत ते मूल उभे असेल, तर चालकाला ते दिसणारच नाही. आणि एखादा मजूर उकिडवा बसून खडी गोळा करत असेल, त्याचे डोके ०.६ मीटरवर असेल, तर तो तब्बल ६ मीटरपर्यंत अदृश्य! यंत्रायंत्रांत ही मापे थोडी बदलतील, पण हिशेब बदलणार नाही. समरूप त्रिकोणांचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

“मग आरसे कशाला आहेत?” असे कोणी विचारील. आरसे असावेतच. मागे जाताना वाजणारा भोंगाही असावा, आणि नव्या यंत्रांवर कॅमेराही असतो. पण आरशावर धूळ बसते, आणि दिवसभर वाजणाऱ्या भोंग्याची कानाला सवय होते. म्हणून एकच नियम पाठ करावा: चालकाचे डोळे मला दिसले नाहीत, तर चालकाला मी दिसलो नाही. यंत्राजवळून जाणे भागच असेल, तर लांब उभे राहून हात वर करावा, चालकाने बकेट जमिनीला टेकवून मान हलवली की मगच पुढे व्हावे. ताशी १५ किलोमीटरने चाललेले यंत्र एका सेकंदात चार मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढे अंतर संपलेले असते.

मागे नव्हे, तशी बाजूलाही एक जागा वाईट आहे. मोटारीची पुढची चाके वळतात. लोडर मात्र मधोमध बिजागरी असल्यासारखा कमरेतच वाकतो. चालकाने चक्र फिरवले की पुढच्या आणि मागच्या चाकांमधली जागा चिमट्यासारखी मिटते. त्या जागेत उभे राहून चालकाशी बोलणे, त्याला पाण्याची बाटली देणे, हे सर्रास चालते. ते बंद झाले पाहिजे. दुरुस्तीसाठी तेथे जायचे झाले, तर इंजिन बंद करून, सांध्याचा अडसर बसवूनच जावे. तसेच उचललेल्या बकेटखाली केव्हाही जाऊ नये. तेलाची एक नळी फुटली की ती खाली येते, आणि सांगून येत नाही.

आता चालकबंधूंसाठी चार गोष्टी. सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी त्याला एक प्रदक्षिणा घालावी. टायर, ब्रेक, तेलाची गळती, आरसे, हॉर्न, दिवे पाहावेत. दुपारच्या सुटीनंतरही ही प्रदक्षिणा चुकवू नये, कारण उन्हातान्हात सावली मिळते ती यंत्राचीच आणि दमलेला माणूस तेथेच आडवा होतो. चढताना-उतरताना तोंड यंत्राकडे असावे आणि दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय सतत टेकलेले असावेत. उडी मारू नये. पट्टा बांधल्याशिवाय यंत्र हलवू नये. यंत्र कलंडू लागले तर बाहेर उडी घ्यावीशी वाटते, आणि बाहेर पडलेल्या माणसावरच यंत्र येते. पट्टा बांधून, घट्ट धरून आत बसलेल्याला मजबूत केबिनचा आधार असतो.

यंत्र कलंडते कसे, हेही समजून घेऊ. शाळेच्या मैदानातला सी-सॉ आठवा. लोडरची पुढची चाके हा त्याचा मधला टेकू. एका टोकाला बकेटमधला माल, दुसऱ्या टोकाला इंजिनाचे वजन. माल फार झाला की मागची चाके उचलतात. म्हणून सपाट, टणक जमिनीवर, यंत्र पूर्ण वळवलेले असताना जेवढ्या वजनाने ते उलटू लागेल, त्याच्या निम्माच भार उचलावा असे प्रमाण ठरलेले आहे. उरलेला निम्मा ही चैन नव्हे, ती खाचखळग्यांसाठी ठेवलेली शिल्लक आहे. भरलेली बकेट नेताना जमिनीपासून जेमतेम हातभर उंच ठेवावी. वर धरली की यंत्राचा तोल जातो आणि समोरचे दिसतही नाही.

मुळशीत सपाट जमीन थोडी. उतारावर एकच सूत्र लक्षात ठेवावे: जड टोक चढाकडे. भरलेला लोडर चढताना पुढून चढवावा आणि उतरताना मागे-मागे उतरवावा. रिकामा असेल तर इंजिन जड, म्हणून बकेट उताराकडे ठेवावी. उतारावर आडवे जाऊ नये, वळू नये आणि डिझेल वाचवायला गिअर काढून तर मुळीच सोडू नये.

त्यातून आपला पाऊस! जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. अशा पाण्याने भरावाची कड आतून भुसभुशीत होते, वरून मात्र शाबूत दिसते. भातखाचराच्या बांधावर बैलजोडी चालते म्हणून दहा-बारा टनांचा लोडर चालेल असे समजू नये. खड्डा जेवढा खोल, निदान तेवढे अंतर त्याच्या काठापासून सोडावे, आणि पावसानंतर त्याहून जास्त. कडेला दगड किंवा मातीचा ठळक बंधारा घालावा, म्हणजे चालकाला हद्द कळते.

वर पाहायलाही विसरू नये. विजेच्या तारेला बकेट किंवा डंपरचा उचललेला हौदा लागला, की सारे यंत्र विजेने भारते. तारेपासून निदान तीन मीटर दूर राहावे, आणि शक्यतो तारेखाली भरणी करूच नये. तरीही तार लागलीच, तर चालकाने आत बसून राहावे. जमल्यास यंत्र मागे घ्यावे. आग लागली तरच बाहेर यावे, आणि तेही यंत्र व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी टाकून. मग पाय जोडूनच, छोट्या उड्या घेत दूर जावे. पाहणाऱ्यांनी मदतीला धावत जाऊ नये. लांब थांबून वीज कंपनीला १९१२ वर आणि रुग्णवाहिकेला १०८ वर कळवावे.

ठेकेदार आणि मुकादम यांचीही जबाबदारी आहे. पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी आखावी आणि दोरी नव्हे, कठडा लावावा. मागे घेताना इशारा द्यायला एकच माणूस नेमावा, त्याच्या अंगात चमकणारे जाकीट असावे. तो नजरेआड झाला की चालकाने थांबावे. मात्र “थांब” हा इशारा कोणीही दिला तरी मानावा. शिकाऊ हेल्परच्या हाती चावी देऊ नये. बांधकाम मजुरांच्या सुरक्षेसाठी संसदेने १९९६ साली स्वतंत्र कायदा केला, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो विषय पुढे घेतला. तेव्हा सुरक्षितता ही मालकाची मेहरबानी नव्हे, हे मजुरांनीही जाणावे.

शेवटी गावकऱ्यांना एक विनंती. निवडणुकीत कोणी जिंकले की त्याच्यावर बकेटमधून गुलाल आणि फुले उधळायची, वरातीत नवरदेवाला बकेटमध्ये बसवायचे, अशी नवी हौस आली आहे. ती बकेट खडी उचलायला केलेली आहे. तिला ना कठडा, ना धरायला दांडी. चालकाचा हात जरासा हलला की आतला माणूस बाहेर. गर्दीत खाली कोण उभे आहे, हेही चालकाला दिसत नाही. मान द्यायला हार आहे, हात आहे, तेवढे पुरे.

आणि गुरुजींनो, बाईंनो, शाळेच्या मैदानात एक दिवस फक्कीने सात मीटर लांब, अडीच मीटर रुंद असा लोडर आखा. त्याच्या मागे आणखी सहा मीटरचा पट्टा आखा. एका मुलाला त्या पट्ट्यात उकिडवे बसवा आणि साऱ्या वर्गाला सांगा की हा आता चालकाला दिसत नाही. शाळेच्या वाटेवर खडीचा ढीग असेल, तर मुलांनी कोठून जायचे ती वाटही त्याच दिवशी, मुकादमाला बोलावून, ठरवून टाका. मूल घरी गेले की आईबापांना सांगेल, आणि त्यांतला एखादा बाप दुसऱ्या दिवशी लोडरवर बसणारा असेल.