व्यायामाआधी पाच मिनिटं मेंदूसाठी

मुलांकडे बहारीनला, जनाबियात राहायला गेलं की उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत फिरून यायची घाई असते. अंथरुणातून उठायचं की लगेच चपला घालायच्या. पण हीच घाई आपल्या वयाला पाडते. एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. रक्तदाब सावरायचं काम मेंदूचं; वयाप्रमाणे ते जरा सावकाश होतं, तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आसनं असोत की चालणं, आधी पाच मिनिटं खुर्चीत बसा.

पहिलं, श्वास. तीन मोजत नाकाने आत घ्या, पाच मोजत सोडा. असं सहा वेळा. लांब सोडलेल्या श्वासाने मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नस ठोके शांत करते. श्वास कोंडू मात्र नका. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगाचे असे परिणाम यंत्रांनी मोजून पाहिले होते.

दुसरं, पाय. पावलं वीस वेळा वर-खाली करा. पोटऱ्या रक्त वर ढकलतात.

तिसरं, नजर. अंगठा समोर धरून त्याच्याकडे बघत मान हळूहळू डावी-उजवीकडे वळवा. डोळे आणि कानातला तोल सांभाळणारा भाग यांचा मेळ बसतो.

मग टेबलाला धरून उभे राहा, दहा आकडे मोजा, आणि चाला. चक्कर वाटली तर लगेच बसा. वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना आपल्या गोळ्या दाखवा.