दोन जीव, दोन नोंदी

वर्गीकरणाचे तक्ते मुले पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. त्या तक्त्याशेजारी 'आजची स्थिती' असा आणखी एक रकाना आखला, तर काय दिसते, ते दोन उदाहरणांनी पाहू. एक टास्मानियाचा थायलसिन, दुसरे पापुआ न्यू गिनीतील 'क्वीन अलेक्झांड्रा बर्डविंग' हे फुलपाखरू.

दोघांची सृष्टी एकच, प्राण्यांची; पुढच्याच पायरीवर वाटा फुटतात. थायलसिन रज्जुमान संघातील, स्तनी वर्गातील शिशुधान प्राणी. म्हणजे अपुऱ्या वाढीचे पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढविणारा. देह लांडग्यासारखा, पाठीवर वाघासारखे पट्टे. पण गोतावळा कांगारूचा. रूपावरून नाते ठरवू नये, हा धडा तो देतो. फुलपाखरू संधिपाद संघातील कीटक. जगातील फुलपाखरांत ते सर्वांत मोठे. मादीचा पंखविस्तार २५ सेंटिमीटरांहून अधिक. आपल्या सह्याद्रीतील बर्डविंग याच कुलातले.

आता दुसरा रकाना. मेंढ्या मारतो या आरोपावरून टास्मानियाच्या सरकारने १८८८ ते १९०९ या काळात थायलसिनच्या शिकारीवर इनाम लावले. दोन हजारांहून अधिक इनामे वाटली गेली. कायद्याचे संरक्षण मिळाले १० जुलै १९३६ रोजी. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा ज्ञात थायलसिन मेला. संरक्षण लाभले अवघे ५९ दिवस! १९८२ साली त्याच्यापुढे 'नामशेष' अशी नोंद झाली.

फुलपाखराची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे. ते केवळ ओरो प्रांतात आढळते. १९५१ च्या लॅमिंग्टन ज्वालामुखीच्या उद्रेकात त्याचे बरेचसे रान जळाले. उरलेल्यावर तेलताडाच्या लागवडीचे अतिक्रमण झाले. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. परंतु त्याची अळी आपल्याकडील ईश्वरीच्या कुळातील एका वेलीवरच जगते, आणि ती वेल रानाबरोबर तुटते. विक्री थांबविणारा कायदा वेल राखीत नाही.

संघ, वर्ग, कुल ही निसर्गाने लक्षावधी वर्षांत घडविलेली नाती. शास्त्रज्ञ ती फक्त वाचतात. स्थितीच्या रकान्यातील शब्द मात्र बहुतांशी माणसाच्या करणीने लिहिले जातात. 'नामशेष' हा शब्द आता खोडता येणार नाही. 'संकटग्रस्त' हा अजून बदलता येईल. मात्र त्यासाठी फुलपाखरासोबत त्याची वेलही जपावी लागेल. मुलांना तक्ता शिकविताना हा रकानाही शिकवावा, असे आम्हांस वाटते.