मोटारीतील पिवळा दिवा

पावसाळा सरू लागला, म्हणजे आमच्या बेळगाव-गोव्याकडील जुन्या मोटारींत एक विकार वारंवार डोके वर काढतो. गाडी सुरू करताच चालकासमोरील फलकावर 'एबीएस' या तीन अक्षरांचा पिवळा दिवा लागतो आणि मग तो विझण्याचे नाव घेत नाही. ब्रेक पूर्वीसारखेच लागतात, गाडीही थांबते. मग घरात दोन पक्ष पडतात. एकाच्या मते तो नुसता दिवा आहे, त्याकडे पाहू नये. दुसऱ्याच्या मते गाडी आता भंगारात द्यावी. आमच्या मते दोन्ही पक्ष घाई करतात. दिवा काय सांगतो हे नीट समजले, तर पुष्कळदा थोडक्या खर्चात दोष सापडतो.

एबीएस म्हणजे अँटि-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, अर्थात चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची व्यवस्था. भर वेगात ब्रेक जोराने दाबला की चाक फिरावयाचे थांबते, परंतु गाडी थांबत नाही. ती घसरत पुढे जाते. घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड जवळजवळ उरत नाही. त्यामुळे स्टिअरिंग कितीही वळवले तरी गाडी सरळच जाते, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला चुकविता येत नाही. चाक थोडेसे घसरत, परंतु फिरत राहिले, तर पकड सर्वांत चांगली मिळते. हे साधण्यासाठी एक लहानसा संगणक चारही चाकांच्या वेगावर नजर ठेवतो. एखादे चाक अडू लागले की त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी करतो, पुन्हा वाढवितो, आणि हे एका सेकंदात अनेकदा घडते. पायाखाली पायडल थरथरते ते यामुळेच. विमानांच्या चाकांसाठी अशी यांत्रिक साधने १९५० नंतरच्या दशकात वापरात होती. मोटारीसाठी चारही चाकांवर चालणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बॉश कंपनीने १९७८ साली मर्सिडीज-बेंझच्या गाडीत आणली. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्याआधीच्याही कित्येक गाड्यांत ती आहे, आणि आता त्याच गाड्या म्हाताऱ्या होऊ लागल्या आहेत.

संगणकाला चाकाचा वेग कळतो कसा? येथे आमच्या विद्यार्थीमित्रांनी प्रयोगशाळेतील लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे आठवावे. चाकाच्या हबवर एक दातेरी लोखंडी कडे बसविलेले असते. त्याच्या अगदी समोर, जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास अंतर राखून, सेन्सर असतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरात चुंबक व त्याभोवती तारेचे वेटोळे, एवढेच असते. कड्याचा दात समोर आला की चुंबकीय क्षेत्र बदलते, खाच आली की पुन्हा बदलते, आणि फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या नियमाप्रमाणे वेटोळ्यात विद्युत्दाब उत्पन्न होतो. कड्याला ४८ दात आहेत व टायरचा परीघ १.८ मीटर आहे असे धरू. गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगाने चालली, तर चाकाचे सेकंदास सुमारे साडेपाच फेरे होतात आणि सेन्सरसमोरून सुमारे २६७ दात जातात. संगणक हे स्पंद मोजतो. वेग कमी झाला की स्पंद विरळ होतात, शिवाय दुर्बळही होतात. हा दुसरा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे तो कामी येणार आहे.

किल्ली फिरविल्यावर पिवळा दिवा काही क्षण लागून विझणे हे आरोग्याचे लक्षण होय. तेवढ्यात संगणक स्वतःची तपासणी करीत असतो. तो विझलाच नाही, तर संगणकाला काही खटकले आहे आणि त्याने चाके न अडू देण्याचे काम बंद ठेवले आहे असे समजावे. नेहमीचे ब्रेक तेव्हाही चालू असतात. मात्र पिवळ्याबरोबर लाल दिवाही लागला, तर गोष्ट निराळी. हँडब्रेक ओढलेला राहिला नाही ना, हे प्रथम पाहावे. मग ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. या दोन्हींत दोष नसूनही दोन्ही दिवे राहिले, तर पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटून देण्याची सोयही बंद पडलेली असू शकते, आणि जोराचा ब्रेक लागताच मागची चाके आधी अडून गाडी गर्रकन फिरण्याचा धोका असतो. अशी गाडी चालवू नये, ओढून न्यावी.

ऑइल कमी दिसले म्हणून नुसते ओतून मोकळे होणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटते. ऑइल आपोआप आटत नाही. ब्रेकचे पॅड झिजले असतील किंवा कोठे तरी गळती असेल.

दोष शोधताना स्वस्त व सोप्या गोष्टी आधी पाहाव्यात. एबीएसचा फ्यूज जळला आहे काय, बॅटरी अशक्त झाली आहे काय, चारही टायर एकाच मापाचे आहेत काय? एका चाकास लहान टायर बसविला की ते चाक अधिक वेगाने फिरते आणि संगणक गोंधळतो. ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागत नसतील, तर पायडलपाशी असलेला स्विचही संशयास पात्र आहे. यानंतर स्कॅनर लावावा. संगणकाने दोषाची नोंद सांकेतिक अंकांत करून ठेवलेली असते. उदाहरणार्थ, 'सी ००३५' हा संकेत पुढच्या डाव्या चाकाच्या वेगमापनाकडे बोट दाखवितो. स्वस्तातील कित्येक स्कॅनर केवळ इंजिनाचे संकेत वाचतात. त्यांना काही दिसले नाही म्हणजे दोष नाही, असे नव्हे.

आणि येथेच मोठी फसगत होते. संकेत म्हणजे निकाल नव्हे. 'डावे पुढचे चाक' एवढेच तो सांगतो. तेथे सेन्सर बिघडला, तार तुटली, कडे फुटले की नुसता चिखल भरला, हे त्याला ठाऊक नसते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना एका गॅरेजात ब्रेकचा सगळा संच बदलावयास सांगण्यात आले होते, आणि आकडा असा होता की ते गाडीच विकावयास निघाले. दुसऱ्या एका वयस्क मेस्त्रींनी चाक उचलून सेन्सरची तार हाताने वाकवून पाहिली. वरचे रबर शाबूत, आतील तांबे तुटलेले! पुढच्या चाकाची तार प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक खड्ड्यात वाकत असते. वर्षानुवर्षे वाकून ती आतल्या आत तुटते. एवढी एक तार बदलली आणि दिवा विझला.

तार ठीक असेल तर कडे पाहावे. आमच्याकडील तांबडा चिखल, पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा यांचे येथे चांगलेच फावते. सेन्सर ज्या खोबणीत बसतो तेथे गंज धरला की तो फुगतो आणि सेन्सरला हळूहळू कड्यापासून दूर ढकलतो. अंतर वाढले की स्पंद दुर्बळ होतात. वेगात असताना ते पुरतात. गाडी थांबत आली की त्या एका चाकाचे स्पंद इतरांच्या आधीच नाहीसे होतात. संगणकास वाटते, चाक अडले! तो तत्काळ दाब सोडतो, पायडल थरथरते, आणि कोरड्या सपाट रस्त्यावर, सिग्नलपाशी, गाडी हातभर पुढे सरकते. कड्याला तडा गेला असला तरी असेच घडते, कारण तडा म्हणजे एक अवाजवी रुंद खाच. या दोषात पुष्कळदा दिवा लागतही नाही. म्हणून लोक ब्रेकच्या पॅडांवर खर्च करीत बसतात. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहत गाडी सरळ रेषेत अगदी सावकाश थांबविली, तर कोणते चाक आधी शून्यावर जाते ते उघड दिसते. गंज खरवडून जागा स्वच्छ केली की पुष्कळदा काम भागते. कडे फुटले असेल तर मात्र नवेच हवे.

मल्टिमीटर ज्यांना हाताळता येतो त्यांनी जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा रोध मोजावा. साधारणतः तो हजार ओहमच्या आगेमागे असतो, परंतु गाडीगणिक फरक पडतो. म्हणून डाव्या-उजव्या जोडीची तुलना करणे अधिक भरवशाचे. नव्या पद्धतीचे सेन्सर इलेक्ट्रॉनिक असतात. त्यांचा रोध मोजून काहीच कळत नाही, आणि मोजताना ते बिघडूही शकतात. त्यांपैकी कित्येकांत दातेरी कड्याऐवजी बेअरिंगच्या एका बाजूस चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग बदलताना ते उलटे बसले की पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूस जाते आणि दिवा लागतो. बेअरिंग बदलल्या दिवसापासून दिवा लागला असेल, तर प्रथम हेच तपासावे. हे काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, खाली घोडी लावावी; आणि विद्यार्थ्यांनी जाणत्या माणसावाचून यात हात घालू नये.

चारही चाके निर्दोष ठरल्यावरच पंप, झडपा व संगणक यांच्या पेटीकडे वळावे. तिच्याकडे जाणारी वीज व अर्थिंगची तार पाहावी. उष्णता व हादरे यांमुळे आतील सूक्ष्म जोडही उखडतात, आणि ते दुरुस्त करणारे कारागीर आता मोठ्या शहरांत आढळतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलणे बरे.

जुनी गाडी विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. किल्ली फिरविल्यावर पिवळा दिवा मुळीच लागला नाही, तर आनंद मानू नये. दोष लपविण्यासाठी कोणी दिवा काढून टाकला असण्याचा संभव असतो.

दुरुस्ती होईपर्यंत चोर्ला घाटासारख्या उतारावरून जावयाचे झाल्यास खालच्या गिअरमध्ये, पुढील गाडीपासून दुप्पट अंतर राखून उतरावे, आणि चाके अडून घसरू लागली तर पायडल किंचित सैल करून पुन्हा दाबावे. दुरुस्तीनंतरची परीक्षा मोकळ्या मैदानात, आसपास कोणी नसताना, ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने घ्यावी. ब्रेक जोराने दाबल्यावर पायडल थरथरले, गाडी वळविता आली आणि दिवा विझलेलाच राहिला, म्हणजे काम झाले.