विंचवाचं बिऱ्हाड

बँकेत मी चौतीस वर्षे काढली आणि त्यांतली निम्मी कर्जाच्या टेबलावर. जुन्या मोटारीसाठी कर्ज मागायला कुणी आले की आम्ही आधी मोटारीचे वय विचारायचो, मग माणसाचे. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेल त्या दिवशी दोघे किती वर्षांचे असतील, हा हिशेब कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मांडायचा आणि बहुतेक वेळा अर्ज गोड बोलून परत करायचा. २०२४च्या दिवाळीनंतर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मी आठ वर्षांची टर्बो मोटार विकत घेतली. रोख. कर्ज मागायला गेलो असतो, तर माझ्या जुन्या खुर्चीत बसलेल्या पोराने दोघांची वये बघून मला चहा पाजला असता आणि वाटेला लावले असते.

घरात कुणालाच हे पटले नव्हते. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, नवीन ऑटोमॅटिक घ्या ना, या वयात स्पोर्ट्स कार कशाला?’’ तिचे चुकत नव्हते. कारण ही मोटार हौसेची नव्हती, कामाची होती. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जातो. मुलुंडहून घाटकोपरला, पहिल्या पाळीला, सहाच्या आत पोहोचायचे. चार तासांनी त्याला घेऊन परत यायचे. मोटार सोमवारी सकाळी चालू झाली नाही तर ‘बघू उद्या’ म्हणण्याची सोय नाही. अशा कामाला जुनी गाडी, त्यातून टर्बो!

पण मोटार दादानेच निवडली होती. १९७१ साली तो कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि सत्तावीस वर्षे तिथेच राहिला. मुंबईच्या रस्त्यावरच्या पद्मिनी टॅक्स्या त्याच्या लेखी नात्यातल्या होत्या. ३० ऑक्टोबर २०२३ला शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा त्याने वर्तमानपत्रातला फोटो चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून पाहिला होता. आता फिरायचेच आहे तर फियाटमधून, एवढाच त्याचा हट्ट. आणि फियाटमधली शेवटची तडफदार मोटार म्हणजे पुंतो अबार्थ. २०१५च्या ऑक्टोबरात आली, तेव्हा किंमत दहा लाखांच्या आतबाहेर होती. चौदाशे सीसीचे इंजिन, १४५ अश्वशक्ती. शिवाय दरवाजे पाच, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला चढउतार करता येईल अशी.

टर्बो म्हणजे नेमके काय, हे मला दादाने दोन वाक्यांत सांगितले. लोहाराचा भाता असतो ना, तसा हा इंजिनाचा भाता. फक्त तो हाताने नाही, इंजिनाच्याच धुराने फिरतो. बाहेर जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत ढकलते. हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येते, आणि लहान इंजिन मोठ्यासारखे ओढते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने याचे पेटंट १९०५ साली घेतले. पुढे बरीच वर्षे हा भाता जहाजांच्या, रेल्वेच्या अशा मोठ्या इंजिनांना जोडला जाई. विकत मिळणाऱ्या मोटारींत तो १९६२ साली अमेरिकेत आला, आणि सत्तरीच्या दशकात पोर्श, साब यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. त्या वेळी आपल्याकडे साध्या फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे!

गंमत अशी की पुढे आपल्याकडे मध्यमवर्गाच्या हाताशी आलेल्या काही नावाजलेल्या पेट्रोल टर्बो मोटारी महाराष्ट्रातच तयार झाल्या. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना निघाला आणि ऑक्टाव्हियाची आरएस आवृत्ती २००४ साली आली. चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३ची, आणि रांजणगावची ही अबार्थ. म्हणजे अष्टविनायकाच्या वाटेवर जन्मलेली मोटार. तिच्या चाकांच्या तबकड्यांवर आणि नाकावर मात्र विंचू. कारण कार्लो अबार्थ हा मूळचा व्हिएन्नाचा गृहस्थ वृश्चिक राशीचा होता. १९४९ साली त्याने इटलीत कंपनी काढली आणि आपली रास तिला चिकटवून दिली. हे ऐकून आमची ही म्हणाली, ‘‘अहो, दाराशी विंचू लावून कुणी लक्ष्मी आणतं का?’’ दादा म्हणाला, ‘‘वहिनी, विंचू बाहेर आहे. आत फियाटच आहे.’’ दादा माझ्या बायकोला वहिनी म्हणतो, ही आमच्या घरची जुनी चूक आहे, ती आता कुणी दुरुस्त करीत नाही.

शोधाशोधीत दोन महिने गेले. बोरिवलीत एक दुसऱ्याच कंपनीची टर्बो मोटार पाहिली. चकचकीत, किंमत मोहात पाडणारी. आम्ही पोहोचलो तेव्हा मालकाने ती आधीच चालू करून ठेवली होती. दादाने बॉनेटवर तळहात ठेवला आणि मला म्हणाला, ‘‘चल.’’ गाडी थंड असताना चालू होताना काय बोलते ते ऐकायचे असते. तापवून ठेवलेली गाडी म्हणजे पाठ करून आलेला साक्षीदार. आणखीही काही गोष्टी मी त्याच्याकडून शिकलो. जोर दिल्यावर मागून निळसर धूर आला, तर तेल जळते आहे, आणि ते टर्बोच्या दांड्यापाशी गळत असू शकते. हवेच्या नळीत तेलाचा थर किती आहे, बोट घालून पाहायचे. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटर काहीही सांगो, टायर आपले वय लपवत नाही. सर्व्हिसची बिले नसतील तर गप्पा नकोत. मी मात्र माझ्या परीने कागद बघत होतो: जुन्या कर्जाचा बोजा आरसी पुस्तकावरून उतरला आहे का, बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आहे का, विमा चालू आहे का. विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ मोटारीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाबरोबर जातो. हे पुष्कळांना सही झाल्यावर कळते.

शेवटी पुण्यात मिळाली. एका डॉक्टरांची, २०१६ची, प्रत्येक बिल तारीखवार लावलेले. साडेपाच लाख. त्याच दिवशी मी बचत खात्यात दीड लाख वेगळे ठेवले, फक्त मोटारीच्या नावाने. बँकेच्या भाषेत याला तरतूद म्हणतात. जुनी मोटार घेताना तिची किंमत म्हणजे निव्वळ पहिला हप्ता असतो, हे जो मान्य करीत नाही त्याने नवीनच घ्यावी. पहिल्या महिन्यातच नव्वद हजार गेले: चार टायर, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, सगळ्या रबरी नळ्या, ब्रेकचे पॅड, बॅटरी. त्यांतले काहीच बिघडले नव्हते. बिघडण्याआधी बदलले, एवढेच. सोमवार चुकवायचा नसेल तर दुसरा मार्ग नाही. बाकी उरले ते खाते अजून हलते-डुलते आहे.

फियाटने बीएस-६ नियम लागू होण्याच्या तोंडावर इथला आपल्या नावाच्या मोटारींचा धंदा आवरला. रांजणगावात आता जीप बनतात. त्यामुळे सुटे भाग मागवून, वाट बघून मिळवावे लागतात. आमचा भांडुपचा मेकॅनिक काही भाग पुण्याहून आणतो, काही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. मी ऑइल फिल्टर आणि पट्टे घरात जास्तीचे ठेवतो. लोणच्याच्या बरण्यांशेजारी. आणि सोसायटीच्या खालच्या एका रिक्षावाल्याशी बोलून ठेवले आहे की पहाटे पाचला फोन आला तर निघायचे. आजवर तो फोन करावा लागलेला नाही, पण तो नंबर नसता तर ही मोटार मी घेतली नसती.

आता खरे सांगायचे तर उपनगरात टर्बोचा रोजच्या रोज उपयोग शून्य. परतीच्या वेळी, दहा-साडेदहाला, लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोच्या खांबांच्या कडेने आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असतो. इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर जातच नाही, भाता झोपलेला. क्लच दाबून डावा पाय भरून येतो. लिटरला नऊ किलोमीटर. २०२५पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, आणि ही मोटार त्या पेट्रोलच्या आधीच्या जमान्यातली. म्हणून नळ्या आणि सील दर सर्व्हिसला तपासून घेतो. सस्पेन्शन कडक आहे. घेण्याआधी दादाला मुद्दाम पुण्यातल्या एका उखडलेल्या रस्त्यावरून फिरवून आणले होते; त्याच्या पाठीने होकार दिल्यावरच बयाणा दिला. माझ्यासारख्या कुणी फक्त ऑफिसला जाण्यासाठी, मुलुंड ते अंधेरी, ही मोटार घेऊ का विचारले, तर मी नको म्हणेन.

पण पहाटे सव्वापाचला पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा असतो. डावीकडे मुलुंडची मिठागरे अंधारात, ऐरोलीच्या नाक्यानंतर रस्ता सरळ. तिसऱ्या गिअरमध्ये पाय जरा दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एक बारीक शीळ ऐकू येते. मागून कुणीतरी हात लावून ढकलावे तशी मोटार पुढे जाते. वेगमर्यादा ओलांडावी लागत नाही. ती गंमत आकड्यात नाही, त्या ढकलण्यात आहे. दादा त्या शिळेची वाट बघत असतो. उपचाराच्या दिवशी तो आदल्या रात्रीपासून बोलत नाही. विक्रोळीपर्यंत मात्र दोन-तीन वाक्ये होतात, बहुधा कुर्ल्याच्या पेंट शॉपबद्दल किंवा तिथल्या कॅन्टीनच्या उसळीबद्दल. मी त्यांतले थोडे टिपून ठेवले आहे. कादंबरीकाराची वाईट खोड.

पोहोचल्यावर लगेच इंजिन बंद करायचे नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तापलेला असताना एकदम बंद केला, तर तिथले तेल करपते. म्हणून मिनिटभर तशीच चालू ठेवायची. दादालाही पट्टा सोडून, काठी शोधून, चप्पल नीट घालायला तेवढाच वेळ लागतो.

नोंदणी २०३१पर्यंत आहे. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२पासून पाच हजार झाले. वीस वर्षांवरच्या मोटारींना २०२५च्या ऑगस्टपासून दहा हजार. शिवाय पर्यावरण कर, तपासणी. जानेवारी २०२५मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलच्या मोटारी काढता येतील का, हे पाहायला समिती नेमली. म्हणजे तोपर्यंत नियम काय असतील कोण जाणे. हे सगळे मी परवा घाटकोपरच्या सिग्नलला दादाला सांगितले.

त्याने बोटांवर हिशेब केला. ‘‘एकतीस साली मी एक्याऐंशीचा,’’ तो म्हणाला. ‘‘पाच हजार ना? तू भर. टायमिंग बेल्ट मी बघतो.’’