हेडलाइट मंद वाटतेय? आधी वायरिंग तपासा
रायपूरहून रात्री कारने नागपूरला निघालात आणि समोरचा रस्ताच नीट दिसत नसेल, तर लगेच जास्त वॅटचा बल्ब बसवू नका. जुन्या गाडीत अनेकदा दोष वायरिंगचा असतो. बारीक वायर आणि स्विचमधून जाताना व्होल्टेज घटतं. ते 10 टक्के कमी झालं, तरी हॅलोजन बल्बचा उजेड सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतो.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेसह जाड वायर टाकून घ्या. अर्थिंगही तपासायला सांगा. एच 4 बल्ब असेल तर चांगल्या प्रतीचा, पण 60/55 वॅटचाच घ्या. 100/90 वॅटच्या बल्बने होल्डर वितळू शकतो. पिवळं पडलेलं कव्हर पॉलिश करून घ्या. शेवटी बीमची उंची नीट सेट करा, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत.