उखळातला चंद्र

सोलापूरची शेंगाचटणी खावी तर उखळात कुटलेली. मिक्सरमधून काढली की नुसता भुगा होतो. उखळात घाव बसले की दाण्याला तेल सुटतं आणि चटणी कशी ओलसर, लालबुंद होते. पण आज चटणी जरा बाजूला ठेवा आणि त्या उखळाकडे बघा. काळंभोर, जड, भर उन्हाळ्यातही सावलीत गारगार. पाथरवटानं छिन्नी-हातोडा घेऊन कोरलेलं. आता आभाळाकडे बघा. पौर्णिमेच्या चांदोबात आजी जो ससा दाखवते ना, तो याच जातीच्या दगडाचा आहे!

खरंच! या दगडाचं नाव बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि तापलेला लाव्हा बाहेर पसरला. तो थंड झाला की त्यावर दुसरा थर, मग तिसरा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशा थरांनी झाकला गेला. सोलापूर त्याच थरांवर वसलंय. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या काळ्या मातीत डोलते, ती मातीसुद्धा हाच दगड झिजून झिजून झालेली.

चंद्रावर हे फार आधी घडलं. मोठमोठ्या उल्का आदळून तिथे प्रचंड खड्डे पडले आणि नंतर, ३०० ते ४०० कोटी वर्षांपूर्वी, आतून आलेल्या लाव्हानं त्यातले कितीतरी भरून टाकले. लाव्हानं भरलेले हे भाग काळे दिसतात, तोच आपला ससा. पूर्वीच्या खगोलशास्त्रज्ञांना ते काळे भाग समुद्र वाटले, म्हणून त्यांची नावंही तशीच पडली. १९६९ साली अपोलो ११ मधून माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला तो ‘शांततेच्या सागरा’त. पाण्याचा थेंब नाही, सगळा बेसाल्ट!

आपलं चांद्रयान-३ मात्र काळ्या भागात उतरलं नाही हं. २३ ऑगस्ट २०२३ ला ते दक्षिण ध्रुवाच्या बाजूच्या उंच, उजळ प्रदेशात उतरलं. तिथला दगड वेगळा, फिकट रंगाचा. म्हणजे त्यातली प्रज्ञान गाडी सशाच्या अंगावर चाललीच नाही, ती चालली त्याच्या आजूबाजूच्या पांढऱ्या भागात.

पण दोन दगड एकाच जातीचे आहेत हे ओळखायचं कसं? भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत दगडाची चकती कापतात, काचेवर चिकटवतात आणि घासत बसतात. किती? तर ०.०३ मिलिमीटर जाडी उरेपर्यंत. तुमच्या केसापेक्षाही पातळ! इतका पातळ झाला की काळाकुट्ट दगड चक्क पारदर्शक होतो. मग तो खास सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि चकती हळूहळू फिरवायची. निळे, पिवळे, जांभळे तुकडे चमकायला लागतात, काड्यांसारखे करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे स्फटिक एकमेकांत गुंतलेले दिसतात. चंद्रावरच्या दगडाची चकती ठेवली तरी असाच गुंता दिसतो. विज्ञानातल्या सुंदर गोष्टींची यादी केली तर मी हे दृश्य अगदी वर लिहीन.

फरकही आहे. रस्त्याच्या कामाला आणलेल्या खडीच्या ढिगात शोधा, एखाद्या दगडात पांढरे मणी बसवल्यासारखे दिसतील. लाव्हातून वायूचे बुडबुडे निघाले, त्यांची भोकं राहिली आणि पुढे मुरलेल्या पाण्यानं त्यात पांढरी खनिजं आणून भरली. चंद्रावर असं मुरणारं पाणी नाही, त्यामुळे तिथली भोकं रिकामीच राहिली. १९७१ साली अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट चंद्रावर गाडीतून चालले होते. वाटेत असाच जाळीदार दगड दिसला. पण उशीर झाला होता, थांबायची परवानगी मिळाली नसती. मग त्यांनी सांगितलं, ‘माझा पट्टा सैल झालाय, जरा थांबतो.’ पटकन उतरले आणि दगड उचलला! आज तो ‘सीटबेल्ट बेसाल्ट’ म्हणूनच ओळखला जातो.

चंद्रासारखं विवर आपल्याकडेही आहे, लोणारचं. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर ज्वालामुखीचं आहे असं बरीच वर्षं वाटत होतं. १९७३ साली तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं. जबरदस्त धक्का बसला की स्फटिकाची अशी काच होते. ज्वालामुखीला ते जमत नाही. त्याला आकाशातून पडलेला धोंडाच हवा. हीच काच १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या उल्केत आधी सापडली होती, आणि ती उल्का आली होती मंगळावरून! बेसाल्टमध्ये पडलेली विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी, त्यात लोणारइतकं नीट टिकलेलं दुसरं नाही. म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ विदर्भात येतात.

आणि तुम्हा सोलापूरकरांना तर तेवढंही लांब जायला नको. केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे, तिथे भूशास्त्र शिकवतात. जवळच सोलापूर विज्ञान केंद्र आहे. शाळेची सहल काढा, आणि तिथे गेलात की प्रश्न विचारायला लाजू नका. दगड बघायला आलेल्या मुलांना नाही म्हणणारा भूशास्त्रज्ञ मला अजून भेटलेला नाही.

तोवर घरी एक प्रयोग करा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि वाळलेल्या काळ्या मातीतून किंवा ओढ्याच्या वाळूतून फिरवा. बारीक काळे कण चिकटतील. बेसाल्टमधून सुटलेलं लोहयुक्त खनिज आहे ते. कागदावर झटका, भिंगातून बघा, आणि कुठल्या गावच्या मातीत किती कण निघाले ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा.